सँपलप्रमाणं

दिवाणांनी खिशातून लाल टोपण काढलं, रुमालानं पुसलं आणि माझ्या कीबोर्डवर बरोबर मधोमध ठेवलं.

"मॅडम, असं पाहिजे," ते म्हणाले. "अगदी असंच."

मी टोपण उचलून बघितलं. औषधाच्या बाटलीचं होतं. खाली पहिल्यांदा उघडताना तुटणारी कडी, वरच्या बाजूला तीन पानांची उठावदार खूण. लहान मुलांचा ताप उतरवायचं ते औषध तेव्हा घराघरांत असायचं. आमच्याही घरात होतं, कारण ताई बाळंतपणाला म्हणून आली होती ती बाळी आठ महिन्यांची झाली तरी आमच्याकडंच होती, आणि बाळीला दर पंधरवड्याला ताप यायचा.

"ड्रॉइंग कुठाय?" मी विचारलं.

"ड्रॉइंग नाही."

"मग कंपनीची ऑर्डर? मंजुरीचं पत्र?"

दिवाण हसले. सावकाश, लवंग चघळत बोलायची त्यांची सवय होती. "मॅडम, माझा एकच नियम आहे. सँपलमध्ये आहे ते सगळं पाहिजे. सँपलमध्ये नाही ते काहीच नको. साच्यावर तुमच्या वर्कशॉपची पाटीसुद्धा नको."

पाटी नको म्हणाले आणि मी टोपण खाली ठेवलं. साचा म्हणजे आमचं लेकरू. त्यावर बापाचं नाव नको म्हणणारा माणूस चांगल्या कामाला आलेला नसतो.

मी मुळात भित्री, हे आधीच सांगून टाकते. कुत्रं भुंकलं तर गल्ली बदलणारी, साहेबानं नुसतं "जरा ये" म्हटलं तर आपलं काय चुकलं ते आठवत जाणारी. कागलहून सकाळच्या एसटीनं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत यायचं, पारीसअण्णा मगदूमांच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे काढायचे, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं, एवढंच माझं जग. बादलीची मूठ, मिक्सरचं बटण, पंख्याची टोपी असली कामं. स्क्रीनवर वस्तू काढायची, तिच्याभोवती पोलादाचे दोन अर्धे रचायचे, वितळलेलं प्लॅस्टिक कुठून शिरेल आणि थंड झालेला माल कसा बाहेर पडेल ते ठरवायचं. त्यात मी हुशार होते. बाकी सगळ्या बाबतीत ससा.

दिवाण गेल्यावर मी अण्णांच्या केबिनमध्ये गेले. अण्णा साठीचे, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी. कुंभोजच्या बाजूचे जैन. टेबलावर मुंगी आली तर फुंकर मारून तिला बाजूला करायचे आणि मगच कागद पुढं ओढायचे.

"अण्णा, हे खोट्या औषधाचं काम आहे," मी दार लोटून म्हणाले.

अण्णांनी वर बघितलं नाही. "कशावरनं?"

"ड्रॉइंग नाही, ऑर्डर नाही, पाटी नको. खरी कंपनी अशी येते होय? टोपण खऱ्यासारखं करून आत काय भरणार कुणाला ठाऊक! आपण नाही म्हणून सांगूया."

"आपण न्हाई म्हटलं तर दुसरं कोण तरी करंल."

"करू दे की दुसऱ्याला. आपल्या हातानं नको."

"हेमा," अण्णा म्हणाले, आणि आता त्यांनी वर बघितलं. डोळे लालसर दिसत होते. "माझा नातू धारवाडला हॉस्टेलात हाय, ठावं हाय न्हवं तुला? ह्या माणसानं मला परवा त्याचा फोटो दाखवला. शाळंच्या फाटकापाशी काढलेला. माझ्याकडं न्हाई असला फोटो."

मी वळून दार नीट लागलंय का बघितलं.

"तवा सँपलपरमाणं कर," अण्णा म्हणाले. "एक रेघ हिकडं तिकडं नको. जा."

मी टेबलाशी आले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात, पण इथं तर सोडलं तरी चावणार होतं.

दुसऱ्या दिवसापासून दिवाण रोज यायला लागले. माझ्या मागं स्टूल टाकून बसायचे. साधारण गिऱ्हाईक एकदा काम दिलं की ट्रायललाच तोंड दाखवतं. हे मात्र मी रेघ मारली की विचारणार, "ही कशाची, मॅडम?" प्लॅस्टिक थंड झालं की आक्रसतं म्हणून साचा वस्तूपेक्षा थोडा मोठा करावा लागतो, हे मी सांगितलं तर त्यांनी तेही दोन-तीनदा पटवून घेतलं. आवाज मऊ, प्रत्येक वाक्यात मॅडम. मला त्या मऊपणाचीच जास्त भीती वाटायची. कुणी ओरडलं तर निदान रडता तरी येतं. इथं मी उगाचच हसत बसायचे. काहीही बोलले की हसायचे, दात दिसेपर्यंत.

एका दुपारी मी टोपणाच्या आतले आटे मोजत होते. मागून आवाज आला.

"तुमची भाची आता बरी आहे ना? ताप होता म्हणे."

माझ्या हातातला मापाचा व्हर्निअर टेबलावर पडला.

"कागल स्टँडच्या मागं राहता ना तुम्ही," दिवाण म्हणाले. "तिथं हवा चांगली आहे. लहान मुलांना बरी. काळजी घ्या."

मी हसले. आणखी काय करणार? हसतानाच मला आठवलं की बाळीच्या तापाचं मी या वर्कशॉपमध्ये फक्त अण्णांना सांगितलं होतं, अर्धा दिवस रजा मागताना.

त्या संध्याकाळी एसटीत बसले ती सगळी वाट एकच विचार करत होते. अण्णांनी सांगितलं. नातवाला वाचवायला माझी भाची पुढं केली. मुंगीला फुंकर मारणारा माणूस! मला त्यांचा राग यायला हवा होता, पण भीतीनं रागाला जागाच ठेवली नव्हती. घरी गेले तर ताई बाळीला मांडीवर घेऊन चमच्यानं तेच औषध पाजत होती. कोनाड्यातल्या बाटलीवर तेच लाल टोपण. बाळी तोंड वाकडं करून औषध बाहेर ढकलत होती आणि ताई म्हणत होती, "घे गं राणी, ह्यानं बरं वाटतं." मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. खोटं औषध म्हणजे नुसतं साखरेचं पाणी असेल तर पोर तापानं फणफणेल. त्याहून वाईट काही असेल तर? पुढचा विचार मी केलाच नाही.

रात्रभर डोळा लागला नाही. कुठं तरी काही तरी वेगळं करून ठेवावं, एखादी खूण, एखादा ओरखडा, म्हणजे खरं आणि खोटं ओळखता येईल, असं सारखं वाटत होतं. पण कुठं करणार? माणूस तर पाठीवर बसलेला. सँपलमध्ये नाही ते काहीच नको.

सकाळी मी भिंग घेऊन टोपणाची आतली बाजू तपासायला बसले, दिवाण यायच्या आत. तिथं वरच्या सपाट भागावर, मोहरीच्या दाण्याएवढा, एक आकडा होता. सात.

तो आकडा कशाचा हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारायला नको. एका साच्यातून एका वेळी आठ, सोळा, बत्तीस टोपणं निघतात. ज्या पोकळीत एक टोपण घडतं तिला घर म्हणतात; प्रत्येक घराला नंबर असतो आणि तो टोपणाच्या आत उठतो. उद्या एखादं टोपण गळकं निघालं तर आत बघायचं, अमुक नंबरच्या घरात बिघाड आहे. दिवाणांनी आणलेलं टोपण खऱ्या कंपनीच्या साच्यातल्या सातव्या घराचं होतं. आमचा साचा आठ टोपणांचा होणार होता. म्हणजे मी शहाण्या डिझायनरसारखी एक ते आठ आकडे घालणार, आणि बाजारात माल खऱ्यात बेमालूम मिसळणार.

आणि नाही घातले तर?

सँपलमध्ये सात आहे. सँपलमध्ये आहे ते सगळं पाहिजे. एक टोपण काढायचं, त्यात सात घालायचा, आणि मग कॉम्प्युटरला सांगायचं, याच्या आठ प्रती गोल फिरवून बसव. आठही घरांत सात. दुकानातल्या खऱ्या खोक्यात आकडे सरमिसळ असतात. याच्या खोक्यात एकजात सात निघतील. आणि कुणी जाब विचारलाच तर मी सांगणार, तुम्हीच म्हणालात.

भिंग हातात घेऊन मी खुर्चीत तशीच बसून राहिले. हा माणूस सगळं विचारतो. आकडा कशाचा हे त्यानं विचारलं तर? कुणाकडून तरी कळलं तर? कागल स्टँडच्या मागचं घर त्याला माहीत आहे.

दिवाण आले, स्टूलावर बसले. मी एका टोपणाचं मॉडेल पुरं केलं. आत सात घातला. पोलादात कोरताना आकडा उलटा असतो, तो मी त्यांच्यादेखत उलटा केला.

"हे काय?" ते पुढं वाकले. लवंगेचा वास माझ्या मानेशी आला.

"आतली अक्षरं. सँपलमध्ये आहेत. साच्यात उलटी लागतात, म्हणजे मालावर सुलटी येतात."

"हां हां," ते म्हणाले. "आरशासारखं."

मग मी आठ प्रती फिरवल्या. स्क्रीनवर आठ टोपणं गोल उभी राहिली, लग्नातल्या पंगतीसारखी.

"आठही सारखीच झाली?"

"सँपलप्रमाणं," मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला.

आता अण्णांची तपासणी राहिली होती. पोलादाला हत्यार लागायच्या आधी प्रत्येक साचा अण्णा स्क्रीनवर बघायचे, आणि वर्षानुवर्षांचा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "नंबर घातलास का घरांस्नी?" मी एकदा विसरले होते तेव्हा त्यांनी मला अख्ख्या वर्कशॉपसमोर झाडलं होतं. म्हणजे ते विचारणारच. दिवाण शेजारी उभे असताना विचारणार.

अण्णा आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. मी साचा फिरवून दाखवला, उघडून दाखवला. मग टोपणांची आतली बाजू समोर आणली. अण्णांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं, पहिलं टोपण बघितलं, दुसरं बघितलं. मग चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"ठीक हाय," ते म्हणाले. "पोलाद कापाय घिऊया."

विचारलंच नाही! मला वाटलं, म्हातारा भीतीनं सगळं विसरला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तर उलट आणखी एकटं वाटलं. जो माणूस मला रोज टोमणे मारून चुका दाखवायचा तोच आता बुजगावणं झाला होता, असं मनात आलं.

साचा तयार व्हायला महिना लागला. त्या कामाला अण्णांनी दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नाही. बाकी पोरांना बादलीच्या साच्याला जुंपलं आणि हे कोपऱ्यातल्या मशीनवर एकटे. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. डबा उघडायचे आणि तसाच मिटायचे. मी घरी जायचे ते मागं वळून बघत. स्टँडवर कुणी जरा जास्त वेळ बघितलं तर पदर सावरायच्या निमित्तानं तोंड झाकायचे. एकदा लवंगेचा वास आला म्हणून एसटीतून अर्ध्या वाटेत उतरले. नंतर कळलं, शेजारच्या बाईच्या पिशवीत मसाला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

ट्रायलच्या दिवशी दिवाण नारळ आणि पेढे घेऊन आले. आमच्याकडं नव्या साच्याला हळदकुंकू लावून नारळ फोडतात, अण्णा तो मान कुणाला द्यायचे नाहीत. त्या दिवशी मात्र अण्णांनी स्वतः नारळ आणलाच नव्हता.

"अहो, शुभ कामाला नारळ नको?" दिवाण म्हणाले आणि नारळ अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी नारळ मशीनच्या पायाशी आपटला. फुटला नाही, घरंगळत माझ्या पायाशी आला. दिवाणांनी तो उचलला, हसत हसत एका दणक्यात फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढं धरला. मी खाल्ला.

मशीन सुरू झालं. साचा मिटला, उघडला, आणि लाल टोपणांचा घोस खालच्या ट्रेमध्ये पडला. दिवाणांनी खिशातून बाटली काढली, एक टोपण लावून बघितलं, फिरवलं, कडी तुटलेली बघितली. "वा!" मग माझ्याच टेबलावरचं भिंग मागून घेतलं.

एक टोपण उलटं केलं. सात. सँपल उलटं केलं. सात. मान डोलावली. दुसरं उलटं केलं. मग तिसरं. चौथं.

मग त्यांनी भिंग खाली घेतलं.

"मॅडम, हा सात कशाचा?"

महिनाभर मी या प्रश्नाची उत्तरं पाठ केली होती. त्या घडीला एकही आठवेना. मी हसायला लागले, आणि हसू थांबेचना. दिवाण माझ्याकडं एकटक बघत राहिले. ते डोळे मला अजून स्वप्नात दिसतात.

"तिला काय इचारताय?" अण्णा मागून म्हणाले. हात फडक्याला पुसत ते पुढं आले. "सँपल तुमचं, सात तुमचा. आमी कशाचा म्हणून इचारलं न्हाई. कंपनीचं काय गुपित असंल ते तुमास्नीच ठावं. नको असंल तर सांगा, घासून टाकतो. पण मग खऱ्यावर हाय आणि ह्याच्यावर न्हाई, असं व्हईल. बघा बाबा."

मशीन आपलं मिटत होतं, उघडत होतं. दिवाणांनी सँपल पुन्हा एकदा भिंगाखाली धरलं. आपल्याला एवढंही माहीत नाही हे दोन कारागिरांपुढं कबूल करायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"नाही, नाही," ते म्हणाले. "बरोबर आहे. सात पाहिजेच."

संध्याकाळच्या आत टेम्पोत साचा चढला. दिवाणांनी मला पेढ्यांचा पुडा दिला, "भाचीला द्या" म्हणाले, आणि गेले. टेम्पो हायवेला लागेपर्यंत मी दारातच उभी होते. मग पुडा उघडून न बघता भंगारच्या पिंपात टाकला आणि अण्णांच्या केबिनमध्ये जाऊन खुर्चीत कोसळले.

अण्णांनी दार लावलं. पुन्हा उघडून बाहेर बघितलं. पुन्हा लावलं.

"आठीच्या आठी सात," ते हळूच म्हणाले. "मुद्दाम ठेवलेस व्हय?"

अजूनही मला खात्री नव्हती की हा माणूस कुणाचा.

"सांग की पोरी. का चुकून ऱ्हायलं?"

"तुम्ही नंबरांचं विचारलं नाहीत," मी म्हणाले. "कधी नाही ते विचारलं नाहीत."

"इचारलं असतं तर तू घातली असतीस न्हवं एक ते आठ!" अण्णा टेबलावर वाकले. "त्यानं टोपण पहिल्यांदा मला दावलं तवाच मी सात बघितला हुता. म्हणून तर म्हणत हुतो सँपलपरमाणं कर, एक रेघ हिकडं तिकडं नको. आपण न्हाई म्हटलं असतं तर दुसरा कोण तरी शहाणा एक ते आठ घालून देणार, आणि मग कोण वळखणार? तुला उघड सांगायची छाती झाली न्हाई."

"का?"

"त्याच्याशी हसून हसून बोलत हुतीस तू. मला वाटलं, त्यानं तुला फिरवलीया."

"मी भीतीनं हसत होते हो अण्णा!" मी ओरडलेच. "आणि तुम्ही बाळीच्या तापाचं त्याला सांगितलंत ते?"

"मी?" अण्णांचा चेहरा उतरला. "अगं, तू रजा घिऊन गेलीस, मागनं तू निघालीस का म्हणून तुझ्या ताईचा फोन आला, तवा तो ह्याच खुर्चीत बसला हुता. आपला फोन मोठ्या आवाजावर लावलाया, मशीनच्या कलकलाटात ऐकू येत न्हाई म्हणून. समदं ऐकलं त्यानं. मी मनातनं मेलो त्या दिवशी."

महिनाभर आम्ही एकाच छपराखाली, एकच काम करत, एकमेकांना वैरी समजून घाबरत होतो. मला रडू फुटलं. अण्णा पाण्याचा तांब्या पुढं करून नुसते उभे राहिले.

डोळे पुसल्यावर मी म्हणाले, "आता पुढं? नुसता सात असून काय उपयोग? हे कुणाला तरी सांगायला पाहिजे ना?"

अण्णांनी मान हलवली. "सांगितलं की त्याला कळणार. ही गोष्ट ठावी असणारी माणसं जगात दोनच. कुणी सांगितलं हे हुडकाय त्याला दिवा लावाय लागणार न्हाई."

"मग?"

"मग काय? आपण गिऱ्हाईकानं सांगितला तसा साचा दिला. घरला जा. इसर हे समदं."

मी घरी गेले. विसरायचा फार प्रयत्न केला. पण पुढच्या आठवड्यात बाळीला पुन्हा ताप आला आणि ताईनं नवी बाटली आणली. तिच्या हातातून ती जवळजवळ हिसकावून घेऊन मी टोपण उघडलं आणि दिव्याखाली उलटं धरलं. तीन.

"काय शोधतीस गं?" ताई म्हणाली. "पोर रडालंय, दे की."

मी बाटली दिली. हायसं वाटलं ते चमचा भरेपर्यंतच. आज तीन निघाला. पुढच्या वेळी सात निघाला तर? खऱ्या कंपनीच्याही टोपणात सात असतोच. एकट्या बाटलीवरून खरं की खोटं हे मलासुद्धा सांगता आलं नसतं. खोकीच्या खोकी उघडून बघायचा अधिकार असलेल्या माणसालाच ते कळणार होतं, आणि त्याला कुणी तरी सांगितलं तरच.

सोमवारी घरी अंबाबाईला जाते म्हणून सांगितलं आणि कोल्हापूरला उतरले. देवीला बाहेरूनच हात जोडले. औषध खात्याच्या ऑफिसचा जिना चढताना दोनदा खाली आले. एकदा तर रस्त्यापर्यंत गेले, रिक्षाला हातही केला. रिक्षावाला थांबला, म्हणाला, "कुठं, ताई?" मला कुठं ते सांगता येईना. तो शिव्या घालत गेला आणि मी पुन्हा जिना चढले.

वर व्हरांड्यात लाकडी बाक होतं. बाकावर पांढरी टोपी मांडीवर घेऊन अण्णा बसले होते.

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले.

"तू कशाला आलीस?" अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "जा घरला. आत्ताच्या आत्ता."

"तुम्ही म्हणालात विसर."

"तुला म्हणालो. मला न्हवं."

"आणि धारवाडला नातू?"

"त्याला कालच घिऊन आलोय. भणीकडं ठेवलाय, कर्नाटकात आत. तू जा. मी एकटाच हाय, असं सांगणार हाय मी. साचा मीच काढला म्हणणार."

"तुम्हाला माऊस धरता येत नाही, अण्णा."

"त्येंला काय ठावं ते!"

मी त्यांच्या शेजारी बसले.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. महिन्याभरात दूरच्या एका गावातलं गोदाम सापडलं. खोक्यामागून खोकी उघडली, एकजात सात. दिवाणांचं खरं नाव निराळंच निघालं, ते मी कोर्टात पहिल्यांदा ऐकलं. त्यांना शिक्षा झाली आणि ती भोगून ते सुटलेही. आज ते कुठं आहेत मला माहीत नाही. आम्ही कागल सोडलं, अण्णांनी वर्कशॉप विकलं, आणि माझ्या दारावर अजून नावाची पाटी नाही. पण त्या बाकावर बसले होते तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा एवढंच कळत होतं की त्या दारातून आत गेलं की परत पूर्वीसारखं एसटीत डुलक्या घेत घरी जाणं नाही.

शिपाई दारात आला. हातात चिठ्ठी आणि पेन. "साहेबांना कोण भेटणार आहे? नाव सांगा."

अण्णांनी टोपी घातली. माझा खांदा खाली दाबून ते उठले. "लिहा," ते म्हणाले. "पारीस मगदूम. एकटाच हाय."

शिपायानं लिहून घेतलं आणि वळला.

"थांबा," मी म्हणाले. आवाज चिरकला, तरी बाहेर आला. "दोन नावं आहेत."

आणि मी माझं नाव सांगितलं, गावासकट.